पुण्याचा विस्तव

शहराचा इतिहास लिहितांना आमच्याकडे वाडे, दरबार, लढाया आणि सभा यांची नोंद होते. पण त्या वाड्यांत रोज पहांटे जो विस्तव पेटत असे त्याचा इतिहास लिहावा असें सहसा कोणास वाटत नाहीं. शेगडींतील राख रोज उकिरड्यावर जाते आणि तिच्याबरोबर तिचा पुरावाहि जातो. वास्तविक कोणत्या घरांत कोणतें जळण जळत होतें, तें कोठून येत होतें, आणि तें पेटविण्यासाठीं कोण लवकर उठत होतें, एवढें कळलें तरी त्या घराची सांपत्तिक स्थिति आणि कुटुंबांतील माणसांचे परस्परसंबंध यांविषयीं पुष्कळ कांहीं कळतें. पुण्यापुरता हा विषय येथें थोडा विस्तारानें मांडावा असा आमचा विचार आहे.

यास निमित्त झालें तें परदेशांतील एका उपकरणाचें. युरोप-अमेरिकेंतील थंड प्रदेशांत गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत घर ऊबदार ठेवण्याची एक नवी रीति रूढ झाली आहे. लाकूडकामांत पडणारा भुसा वाळवून तो पोलादी साच्याच्या भोकांतून मोठ्या दाबानें बाहेर काढतात. दाबामुळें उत्पन्न होणाऱ्या उष्णतेनें लाकडांतील लिग्निन नांवाचें द्रव्य मऊ होतें व तेंच डिंकाचें काम करतें. वेगळा चिकटा घालावा लागत नाहीं. अशा रीतीनें सुमारें ६ मिलिमीटर जाडीच्या, बोटाच्या पेराएवढ्या कांड्या तयार होतात. त्यांस पेलेट म्हणतात. शेगडीच्या पेटींत या कांड्या ओतल्या कीं विजेवर फिरणारा मळसूत्री दांडा त्या थोड्या थोड्या करून विस्तवांत सोडतो, एक लहानसा पंखा वारा घालतो, आणि उरलेला धूर नळीवाटे घराबाहेर जातो. १९७३ सालच्या तेलटंचाईनें खनिज तेलावरील विश्वास डळमळीत झाला, आणि त्यानंतरच्या दशकांत अमेरिकेच्या वायव्य भागांतील लाकूडकटाईच्या प्रदेशांतून ही शेगडी पुढें आली. त्याच सुमारास आमच्याकडे मुंबईंत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदि स्त्रिया महागाईविरुद्ध लाटणीं घेऊन मोर्चे काढीत होत्या. रॉकेलाचा डबा रिकामा असल्याची चिंता दोन्हीकडे एकच होती. तेथें तिच्यांतून यंत्र निघालें, येथें मोर्चा निघाला.

आतां पुण्याशीं याचा संबंध काय, असें कोणी विचारील. पुणें समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर उंचीवर आहे. येथील थंडी कोंकणांतून येणाऱ्या पाहुण्यास बोंचते, पण हिमालयाच्या पायथ्याच्या माणसास ती थंडी वाटणारहि नाहीं. हवामानखात्याचें मुख्य कार्यालय १९२८ मध्यें सिमल्याहून पुण्यास आलें, म्हणून त्या इमारतीस पुणेकर आजहि 'सिमला ऑफिस' म्हणतात. पुढें सातच वर्षांनीं, १९३५ च्या जानेवारीच्या १७ तारखेस, पुण्यांत १.७ अंश सेल्सिअस इतकें किमान तापमान नोंदविलें गेलें. सिमल्याहून आलेल्या जुन्या कारकुनांना त्या दिवशीं घरची आठवण झाली असेल. परंतु अशा रात्री थोड्या, आणि त्यांसाठीं घराची रचना बदलावी इतक्या त्या सलग कधींच नव्हत्या. महाबळेश्वरच्या बंगल्यांत साहेबानें भिंतीतलीं अग्निस्थानें बांधलीं. कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव या पेठांतील वाड्यांना तशी गरज भासली नाहीं. शिवाय वाडा म्हणजे सागवानाचे खांब, तुळया आणि तक्तपोशी. १८२८ च्या फेब्रुवारींत शनिवारवाड्यास लागलेली आग आठवडाभर धुमसत होती, हें पाहिलेल्या शहरानें निजावयाच्या खोलींत उघडा जाळ ठेवण्याचें धाडस केलें नाहीं, यांत आश्चर्य नाहीं.

तात्पर्य, पुणेकरानें घर तापविलें नाहीं. त्यानें अंग तापविलें. गोधडी, कांबळें, कानटोपी आणि पहांटेचें कढत पाणी हे त्याचे उपाय. यांतील शेवटचा उपाय हाच आमच्या कथेचा मुख्य भाग आहे, कारण त्यासाठीं पुण्यांत एक फार सुबक यंत्र घडलें. तें म्हणजे बंब.

'बंब' हा शब्द मूळचा पोर्तुगीज समजला जातो, आणि आग विझविणाऱ्या गाडीसहि आपण बंबच म्हणतों. एकच शब्द आग विझविणाऱ्यास आणि आग पोटांत बाळगणाऱ्यास लागावा ही भाषेची गंमत आहे. ज्यांनीं तो पाहिला नसेल त्यांच्यासाठीं त्याची रचना सांगतों. तांब्याचें उभट, पोट सुटलेलें भांडें. त्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक नळी. नळीच्या बुडाशीं जाळी, जाळीखालीं राख पडावयास जागा. विस्तव नळींत असतो व पाणी त्याच्या भोंवतीं. चुलीवर हंडा ठेवला म्हणजे जाळाची बरीचशी उष्णता हंड्याच्या बाजूंनीं निसटून जाते. बंबांत ती निसटेल कोठें? चहूंकडून पाणीच आहे. वरच्या तोंडांतून जळण टाकावें, खालून हवा यावी, बाजूच्या तोटीखालीं बादली धरावी. शास्त्रज्ञ ज्यास उष्णतेचा विनिमय म्हणतात तो तांब्याच्या पातळ पत्र्यांतून इतक्या सहज होतो कीं मूठमूठ ढलप्यांवर घरांतील माणसांचीं स्नानें उरकत.

हे बंब घडत ते कसबा पेठेंतील तांबट आळींत. पेशवाईंत कोंकणांतून आलेल्या तांबटांची ही वस्ती. पत्र्यावर हातोडीचे ठोके एकाशेजारीं एक असे बसवीत जावयाचे, म्हणजे पत्रा टणकहि होतो आणि त्याच्यावर चकाकणाऱ्या टिकल्यांची नक्षीहि उमटते. या कामास मठारकाम म्हणतात. राजवट गेल्यावर दरबारची कामें संपलीं. शहरांतील मध्यमवर्गाच्या घरगुती भांड्यांनीं, आणि त्यांत बंबानें, हा धंदा पुढें जगविला असें म्हणण्यास हरकत नाहीं. आळींतून जातांना संभाषण करणें कठीण, इतका ठोक्यांचा नाद असे. आतां तो बराच विरळ झाला आहे.

बंबाला लागणारें जळण हा स्वतंत्र व्यवहार होता. वखारींत मोठीं लांकडें मणावर मिळत, पण तीं बंबाच्या नळींत जात नसत. म्हणून त्यांच्या वीतभर लांबीच्या बारीक ढलप्या फोडून विकत. त्यांस नांवच 'बंबफोड' असें पडलें. उपकरणाच्या मापानें जळण कापावयाचें आणि तें त्याच नांवानें बाजारांत विकावयाचें, ही कल्पना परदेशी पेलेटची नव्हे काय? फरक इतकाच कीं तेथें ती यंत्रानें अमलांत आली व येथें कुऱ्हाडीनें. बंबफोडीच्या जोडीस नारळाच्या करवंट्या, वाळलेलीं पानें, रद्दी, सुतारकामांतील कपचे, जें हातीं येईल तें बंबाच्या पोटांत जाई. दगडी कोळशाची किंवा लोणारी कोळशाची भुकटी वखारींत तळाशीं उरे. ती स्वस्तांत आणून, शेणामातींत कालवून, गृहिणी तिचे लाडवाएवढे गोळे वळीत आणि गच्चीवर वाळवीत. हेहि एका अर्थीं पेलेटच. मात्र त्यांचा कारखाना घरांतील स्त्रियांचे हात हा होता, आणि त्या श्रमाची मजुरी कोणत्याहि हिशेबांत धरली गेली नाहीं.

लोणारी कोळशाचा उल्लेख केला, तर त्याचें मूळहि सांगितलें पाहिजे. शहरांत येणारें लांकूड व कोळसा मावळ-मुळशी-भोरकडील डोंगरांतून येत असे. सह्याद्रींतील कोळशाच्या भट्ट्या लावण्याचें काम ज्यांनीं केलें त्यांत कातकरी फार. भट्टी धुमसत असे तोंवर कुटुंबच्या कुटुंब रानांत राही. पुण्याच्या माजघरांतील बिनधुराचा निखारा हा असा रानांत धूर सोडून आलेला होता. लांकडाचा धूर एका ठिकाणीं वाचविला तर तो बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी डोळ्यांत जातो.

घर तापविण्याचा खरा प्रकार पुण्यांत एकाच खोलींत होता, तो म्हणजे बाळंतिणीच्या. बाजेखालीं निखाऱ्यांची शेगडी, तिच्यांत ओवा, बाळंतशेपा, वावडिंग यांची धुरी, दारें-खिडक्या बंद, फटींना चिंध्या. आईस व बाळास वारा लागूं नये हा हेतु चांगलाच होता. परंतु कोळसा अपुऱ्या हवेंत जळला म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो रक्तांतील प्राणवायूची जागा बळकावतो. बिनधुराचा म्हणून जो निखारा निर्धोक वाटे तोच बंद खोलींत अधिक घातक, कारण तो डोळ्यांना सूचना देत नाहीं. आजहि थंडीच्या दिवसांत शेगडी आंत घेऊन दार लावून निजलेलीं माणसें सकाळीं उठत नाहींत, अशा बातम्या उत्तरेकडून दरवर्षीं येतात. जुन्या वाड्यांच्या कौलांत आणि फळ्यांत फटी पुष्कळ होत्या, या गोष्टीचे उपकार किती जिवांवर झाले असतील हें सांगणें कठीण आहे.

दुसऱ्या महायुद्धानें या सर्व व्यवस्थेस मोठा धक्का दिला. १९४२ मध्यें ब्रह्मदेश जपान्यांच्या हातीं गेला व तेथील विहिरींचें तेल हिंदुस्थानास मिळेनासें झालें. स्टॉव्ह तोंवर पुष्कळ घरांत आला होता. त्याचें मूळ १८९२ मध्यें स्वीडनमध्यें लिंडक्विस्ट यानें काढलेल्या प्रायमसमध्यें आहे. स्टॉव्ह आहे पण रॉकेल नाहीं, अशा काळांत ज्या साध्या साधनानें लोकांची लाज राखली तें म्हणजे भुशाची शेगडी.

ही शेगडी आतां पाहिलेलीं माणसें थोडीं राहिलीं आहेत, म्हणून तिचेंहि वर्णन करून ठेवतों. पत्र्याचा उभा डबा. बुडाशीं एका बाजूस हाताएवढें भोंक. डब्याच्या मधोमध एक बाटली किंवा लांकडी रूळ उभा धरावयाचा, बुडाच्या भोंकांतून दुसरा रूळ आडवा घालून त्यास भिडवावयाचा, आणि भोंवतीं लांकडाच्या वखारींतून आणलेला भुसा मुठीनें ठांसून, दाबून, चेपून भरावयाचा. मग दोन्ही रूळ अलगद फिरवीत काढून घ्यावयाचे. भुशांत काटकोनी बोगदा तयार होतो. खालच्या तोंडाशीं कागद पेटविला कीं बोगद्याच्या भिंती आंतून बाहेर जळूं लागतात, हवा खालून येते, ज्वाळा वर निघते, आणि एकदां भरलेली शेगडी तासन्‌तास एकसारखी जळत राहते. भुसा सैल भरला तर भिंत कोसळते आणि स्वयंपाकघर धुरानें भरतें. ओला असला तर पेटतच नाहीं. म्हणून शेगडी भरणें ही एक कला मानली जाई, आणि ती रात्रींच भरून ठेवावी लागे. भवानी पेठेच्या बाजूस लांकडाचा मोठा बाजार होता, तेथील करवतींखालचा भुसा पोत्यांनीं घरोघर जाई.

सैल भुसा जागा फार अडवितो व क्षणांत भडकून विझतो. दाबला कीं तोच भुसा सावकाश जळतो, हें तत्त्व पुणेरी गृहिणीस मुठीनें ठाऊक होतें. कारखान्यांतील कांडीचें तत्त्व याहून वेगळें नाहीं. एक घनमीटर सैल भुसा दोनशे किलोंच्या आसपास भरतो, तोच कांड्यांचा साडेसहाशेच्या. कांडींतील ओलावा शेंकडा १० च्या आंत असतो आणि आकार सारखा असतो, म्हणून तिला यंत्र भरवूं शकतें. भुशाच्या शेगडीस मात्र माणूसच लागे.

पुढें गॅस आला, त्याच्या प्रतीक्षायाद्या आल्या, विजेवर पाणी तापविण्याचीं साधनें आलीं. १९६१ च्या जुलैच्या १२ तारखेस पानशेतच्या पुरानें नदीकांठचे वाडे पाडले, आणि त्यानंतर उरलेले वाडे बिल्डरांनीं. सदनिकेच्या स्नानगृहांत बंबाला जागा नव्हती, धुराला वाट नव्हती. बंब मोडींत गेले. कांहीं आतां दिवाणखान्यांत झाडाची कुंडी होऊन बसले आहेत.

एवढ्यावर पुण्याच्या विस्तवाची कथा संपली असती. ती संपली नाहीं, याचें कारण शहरानें चूल सोडली तरी जिल्ह्यानें ती सोडली नव्हती. चूल सुधारण्याचे प्रयत्न आपल्याकडे जुने आहेत. वर्ध्यास मगनवाडींत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या वतीनें 'मगन चूल' तयार झाली, हैदराबादेस राजू यांनीं १९५३ मध्यें बिनधुराच्या स्वयंपाकघरावर पुस्तिका लिहिली, आणि १९८३ नंतर सरकारनें सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हातीं घेतला; तो २००२ च्या सुमारास बंद झाला. चुली लाखोंनीं बसल्या व त्यांपैकीं पुष्कळ लवकरच मोडल्या. पुण्यांत १९९६ मध्यें डॉ. आनंद कर्वे यांनीं समुचित ग्रामीण तंत्रज्ञानासाठीं 'आरती' ही संस्था काढली. ऊस तोडल्यावर शेतांत हेक्टरी सुमारें १० टन पाचट उरतें व शेतकरी तें जाळून टाकतो. त्याचा भट्टींत कोळसा करून कांड्या पाडाव्या, ही त्यांची योजना. तिला २००२ मध्यें इंग्लंडचें अ‍ॅशडेन पारितोषिक मिळालें. 'सराई' नांवाच्या त्यांच्या कुकरांत शंभर ग्रॅम कांड्यांवर एका कुटुंबाचा वरणभात होतो. बंबाच्या वंशांतील हें उपकरण आहे असें आम्हांस वाटतें: विस्तव थोडा, आणि त्याची उष्णता निसटूं द्यावयाची नाहीं.

आणि मग पेलेटची शेगडी खरोखरीच महाराष्ट्रांत आली. बेंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील संशोधनावरून बीपी या ब्रिटिश तेल कंपनीनें 'ऊर्जा' नांवाची शेगडी तयार करविली व २००६ च्या सुमारास ती विक्रीस काढली. बुडाशीं विजेरीवर चालणारा पंखा, वर कांड्यांचा भरणा. वरून पेटवावयाची, आणि सुमारें तासभर निळसर, जवळजवळ बिनधुराची ज्वाळा. कांड्या उसाचें चिपाड, भुइमुगाचीं टरफलें अशा शेतमालाच्या केरांतून होत. स्वयं शिक्षण प्रयोगासारख्या संस्थांच्या मदतीनें गांवोगांवच्या स्त्रियाच तिच्या विक्रेत्या झाल्या. २००९ मध्यें बीपीनें हा व्यवहार सोडला व तो पुण्याच्या फर्स्ट एनर्जी या कंपनीकडे आला. महाराष्ट्र-कर्नाटकांत मिळून सुमारें ४ लाख शेगड्या विकल्या गेल्या. जगांत एवढ्या मोठ्या प्रमाणावर, दानधर्माविना, रोख पैशानें सुधारित शेगडी विकली गेल्याचीं उदाहरणें फार थोडीं आहेत.

तरीहि ती टिकली नाहीं. शेगडींत दोष नव्हते असें नाहीं. पंखा बिघडे, विजेरी संपे, आणि एकदां पेटविल्यावर मध्येंच विझवून उरलेल्या कांड्या वांचविण्याची सोय नव्हती. पण मुख्य कारण जळणांत होतें. चिपाडाला जोंवर कोणी विचारीत नव्हतें तोंवर कांडी स्वस्त होती. साखर कारखान्यांनीं त्याच चिपाडावर वीज करून विकण्यास सुरुवात केली, इतर कारखान्यांच्या बॉयलरांनींहि शेतांतील केर मागावयास आरंभ केला, आणि केर हा माल झाला. कांडीचा भाव चढला. गॅसला सरकारचें अनुदान होतें, कांडीला नव्हतें. ज्या बाईनें शेगडी हौसेनें घेतली होती तिला दुकानांत कांड्या मिळेनात किंवा परवडेनात. तिच्या परसांत मात्र तुराट्या आणि काटक्या फुकट पडलेल्या होत्या. ती पुन्हा चुलीकडे वळली. कंपनी हॉटेलें आणि मोठीं मुदपाकखानीं यांच्याकडे वळली, कारण तेथें व्यापारी गॅसच्या महाग टाकीशीं कांडी स्पर्धा करूं शकत होती.

या प्रसंगीं शेगडी नाकारणाऱ्या बाईस अडाणी ठरविणारे लेख आम्हीं वाचले आहेत. आम्हांस तें मान्य नाहीं. बंबफोड महागली तर भुसा, भुसा नसेल तर करवंट्या, करवंट्या नसतील तर गोळे, अशी मोकळीक पूर्वींच्या प्रत्येक उपकरणांत होती. 'ऊर्जा' शेगडीस एकच अन्न चालत असे आणि तें एकाच दुकानांत मिळत असे. घरच्या विस्तवाची किल्ली दुसऱ्याच्या हातीं देतांना ती बाई कचरली, यांत तिचा हिशेब चुकला असें म्हणतां येत नाहीं.

मात्र त्या हिशेबाची दुसरी बाजू भयंकर आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनीं डॉ. बार्न्स यांच्यासह २००९ मध्यें लॅन्सेट या नियतकालिकांत असें मांडलें कीं फुप्फुसाचा दीर्घकालीन अवरोध हा केवळ विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा रोग नव्हे. जगांत धूम्रपान करणारे सुमारें शंभर कोटी, तर लांकूड-शेणीच्या धुरांत राहणारीं माणसें सुमारें तीनशें कोटी. आयुष्यांत एक विडी न ओढलेल्या आजीचा खोकला आमच्या घरोघरीं 'म्हातारपणाचा' म्हणून खपून गेला आहे. २०१६ च्या मे महिन्यांत उज्ज्वला योजना सुरू झाली व गॅसची जोडणी झोपडीपर्यंत गेली, ही फार मोठी गोष्ट झाली. पण दुसरी टाकी घेतांना तीच अडचण येते जी कांडीच्या वेळीं आली होती, आणि एका घरांत गॅस व चूल दोन्ही नांदतात.

कांडीचें पुढें काय झालें? कांडी उत्तम चालली आहे. कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांत शेतांतील केराच्या कांड्या मिसळून जाळाव्या यासाठीं केंद्र सरकारनें २०२१ मध्यें राष्ट्रीय अभियान काढलें. पाचट, तुराट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या यांस गिऱ्हाईक मिळालें आहे. चुलीसाठीं जी फार महाग ठरली ती कांडी बॉयलरास परवडते.

पुण्यांत घर तापविण्याचा प्रश्न ज्यांस घर नाहीं त्यांच्यापुरता उरला आहे. डिसेंबर-जानेवारींत रात्रीं बारानंतर कोथरूड, बाणेर, खराडीकडे गेल्यास बांधकामांच्या फाटकाशीं शेकोट्या दिसतात. त्यांभोंवतीं पहारेकरी आणि बांधकामावरील मजूर बसलेले असतात. त्यांत मराठवाड्यांतील असतात, बिहार-झारखंडांतीलहि असतात. जळण म्हणून सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे, खोके, सरस व रोगण लावलेलें प्लायवुड, आणि कांहीं न मिळाल्यास प्लास्टिकची पोतीं टाकतात. उघड्यावर केर जाळण्यास महानगरपालिकेची मनाई आहे व त्यासाठीं दंडहि होतो. पहांटे पाणी टाकून ती शेकोटी विझवितात, आणि राखेवर दिवसा वाळूची गाडी रिकामी होते.